पाईपखालची वाळू

फोटो उघडल्यावर वैशालीने आधी पाणी पाहिलं. कॅन्टीनमध्ये बसली होती ती. समोर पोह्यांची बशी, हातात चहा, खिडकीबाहेर लोअर परळच्या त्या जुन्या गिरणीच्या आवारात साहेबलोकांचे ड्रायव्हर सावली धरून गप्पा हाणत उभे. सगळं रोजच्यासारखं चाललेलं. तेवढ्यात टेबलावरचा मोबाईल घुरघुरला आणि वर संघर्षचं नाव आलं. संघर्ष तिचा धाकटा भाऊ. डायव्हर. डोक्यावर हेल्मेट चढवून, हवेची नळी मागे ओढत समुद्राच्या तळाशी उतरायचं आणि तिथे वरच्या माणसांनी सांगितलेली कामं करायची, हा त्याचा धंदा. कामावरून तो कधी म्हणून काही पाठवत नसे. जेवलास का विचारलं तरी संध्याकाळी बोट धक्क्याला लागल्यावर उत्तर द्यायचा. आणि आज फोटो. हात लांब करून स्वतःच काढलेला. बोटीच्या कठड्याला पाठ लावून तो उभा होता, मागे समुद्र, समुद्रात नारिंगी बोया. नांगराला बांधलेला बोया जागचा हलत नाही. पाणीच त्याला घासून पुढे जातं आणि ज्या बाजूला जातं त्या बाजूला फेसाचं एक शेपूट निघतं. शेपूट उजवीकडे होतं. चांगलं लांबलचक होतं. वैशालीने कप खाली ठेवला तो पोह्यांवरच ठेवला.

उजवीकडे असण्यात एवढं काय, असं कॅन्टीनमधल्या कुणीही विचारलं असतं. पण बोट कुठे आणि कशी उभी करायची याचा नकाशा तिनेच काढून दिला होता. डायव्हर पश्चिमेच्या अंगाने उतरतात, म्हणजे त्या कठड्याकडे बघणाऱ्याच्या उजव्या हाताला उत्तर. पाणी उत्तरेला धावतंय म्हणजे भरती लागली. आणि तिच्या हिशेबाप्रमाणे या घटकेला तिथे ओहोटीचं शेवटचं, दमलेलं पाणी दक्षिणेकडे सरकत असायला हवं होतं. ते सरकून संपेल, मग पाणी जागच्या जागी थबकेल, त्या थबकलेल्या वेळात संघर्षने उतरायचं, पाईपच्या खाली सिमेंटच्या पिशव्या रचायच्या आणि भरतीची ओढ लागायच्या आत वर यायचं. ही वेळ वैशालीने काढलेली. खाली सही तिची. ती वेळ चुकली असेल तर आत्ता, ती इथे बसून शेंगदाणे वेचून खात असताना, तिचा भाऊ शांत पाणी समजून वाढत्या पाण्यात उतरायला निघाला असेल. 

लोकांना वाटतं, पाईप समुद्राच्या तळाशी टाकला की पडला तो पडला. आईलाही तसंच वाटायचं. एवढा जड लोखंडाचा, वरून सिमेंटचा जाड थर दिलेला, तो कुठे जातोय, आणि त्यासाठी पोरीला एवढं शिकवून ऑफिसात बसवायला कशाला हवं? वैशालीने एकदा आईला तांदूळ धुताना दाखवलं होतं. पातेलं नुसतं हळू डोलवलं तरी पाणी खाली पुढे-मागे होतं आणि दाणे सरकतात. लाट वर फुटते ती दिसते. तिचं न दिसणारं टोक खाली तळापर्यंत पोचतं आणि तिथे असंच पुढे-मागे, पुढे-मागे करत वाळू हलवतं. मग भरती-ओहोटीचं पाणी येतं आणि हललेली वाळू उचलून घेऊन जातं. दोघांनी मिळून केलेली चोरी. पाईपखाली आधी बोटभर फट पडते. फटीतून पाणी जास्त जोरात जातं, म्हणून फट वाढते, म्हणून पाणी आणखी जोरात जातं. असं होता होता पाईपचा एक तुकडा अधांतरी राहतो, दोन्ही टोकांना टेकलेला आणि मधे काही नाही. वादळात तो तुटेल म्हणून सगळे घाबरतात. वैशालीला वादळाची तेवढी भीती नव्हती. वादळ येतं आणि जातं. तिला भीती संथ, एकसारख्या पाण्याची. तसं पाणी अधांतरी पाईपवरून जायला लागलं की पाईप थरथरतो. कुणाला दिसत नाही, ऐकू येत नाही, आणि रोजच्या रोज थोडं थोडं लोखंड थकत जातं. हे ती आईला सांगायला गेली तेव्हा आई म्हणाली होती, "पुरे आता, तांदूळ भिजले." तिथेच तो वर्ग संपला.

तिने फोटो बोटांनी ताणून मोठा केला. फेस पांढरा, ठळक. पाण्याला ओढ होती यात शंका नाही. हिशेब कुठे चुकला असेल? ती मनात एकेक पायरी उतरायला लागली. वारा धरला होता का? धरला होता. दोन दिवसांपूर्वीचं प्रत्यक्ष मोजलेलं पाणी? त्याच्याशी ताडून पाहिलं होतं. पण समुद्राने तिच्या कागदाप्रमाणे वागायचं असं त्याच्यावर बंधन थोडंच होतं. तिला दादरची चौपाटी आठवली. सहा डिसेंबर. बाबा, आई आणि परळच्या चाळीतली मंडळी शिवाजी पार्कात गावाहून आलेल्या लोकांना जेवण वाढत होती, आणि वैशालीकडे काम एकच, संघर्षला धरून ठेवायचं. तो चार-पाच वर्षांचा, ती शाळेत जाणारी. चैत्यभूमीच्या मागे वाळूवर माणसांचा समुद्र आणि पलीकडे खरा समुद्र. त्याला पाण्यात पाय घालायचे होते. दोघं उभी राहिली, लाट आली, घोट्याला लागून परत गेली, आणि जाताना टाचेखालची वाळू घेऊन गेली. पाय तिथेच आणि जमीन निघून चाललेली. संघर्ष खदाखदा हसत होता, पुन्हा पुन्हा म्हणत होता, "ताई, मी खाली चाललो, मी खाली चाललो." वैशाली हसली नाही. तिने त्याचं मनगट इतकं दाबून धरलं की संध्याकाळी आईने विचारलं, हे लाल कशाने झालं. पुढे इंजिनीअरिंगच्या पुस्तकात त्या वाळू निघून जाण्याला केवढं मोठं नाव दिलेलं तिने वाचलं, पण तिच्या टाचेला ते आधीच ठाऊक होतं. आणि संघर्ष? पालिकेच्या तलावात पोहायला शिकला, पोरांच्या पैजा जिंकल्या, आणि एक दिवस घरी येऊन म्हणाला, मी डायव्हरचा कोर्स करणार. ज्या गोष्टीला आपण आयुष्यभर भ्यायलो तीच याने पोटापाण्यासाठी धरावी, याचा वैशालीला मनातून रागच यायचा.

फोन करायचा का? करायचा काय, करायलाच हवा. मग बोट फोनच्या बटणावर का अडतं? अडत होतं, कारण संघर्षने तिला बजावून ठेवलं होतं. गेल्या मोसमात ती कामासाठी भाऊच्या धक्क्यावर गेली होती तेव्हा बोटीवरच्या डायव्हिंग सुपरवायझरला, लवू परबांना, जाता जाता बोलून गेली होती, "जरा लक्ष ठेवा हं त्याच्याकडे." बस, एवढंच. पण मागे चार पोरं उभी होती. त्यानंतर सबंध मोसम संघर्षला कोणी नावाने हाक मारली नाही. ताईचा बाळ. बाळ, जेवलास का. बाळाला झोप आली. बाळ, पाणी थंड आहे हं, स्वेटर घाल. घरी येऊन त्याने बॅग आपटली आणि म्हणाला, "ताई, कामावर मी तुझा कोणी नाही. तू ऑफिसात, मी पाण्यात. मेलो तरी फोन करायचा नाहीस." आईने मेलो या शब्दावरून त्याला झापला आणि मूळ मुद्दा बाजूला राहिला. पण वैशालीने ते पाळलं. आणि आज तर वेगळाच दिवस होता. पाईपच्या खाली, त्या अधांतरी तुकड्याच्या पोटाशी जाऊन पिशव्या लावायचं काम लवू परब ज्याला त्याला देत नाहीत. या वेळी त्यांनी संघर्षचं नाव घेतलं होतं. काल रात्री जेवताना त्याने ते अगदी सहज सांगितल्यासारखं सांगितलं होतं, आणि आईने त्याला एक भाकरी जास्त वाढली होती.

"काय गं, पोहे कशाला मारतेस?" म्हणत धनेश समोर येऊन बसला. धनेश तिच्या शेजारच्या टेबलावरचा, लालबागचा. काम चोख, तोंड त्याहून चोख. तिने फोन त्याच्यापुढे सरकवला.

"संघर्ष? मस्त आलाय की." त्याने जरा निरखून पाहिलं. "बारीक झालाय गं पण. झोपत नाही का?"

"पाणी बघ."

"बघितलं. पाणीच आहे."

"बोया बघ, धनेश. पाणी उत्तरेला चाललंय. आत्ता. आपण दक्षिण दिलंय."

धनेशने बघितलं, मग घड्याळाकडे बघितलं, आणि त्याच्या तोंडावरचं हसू उतरलं. "सरांना विचारू या का?"

"सर मीटिंगमध्ये आहेत. ते बाहेर येईपर्यंत तो खाली गेलेला असेल."

"अगं पण एका फोटोवरून—"

तिने ऐकलंच नाही. लवू परबांचा नंबर लावला. वाजला. वाजत राहिला. त्या वेळात वैशालीला स्पष्ट दिसलं की पाईपखालची वाळू भसकन खचली आहे आणि पाईप त्याच्या सगळ्या वजनानिशी खाली बसला आहे. ती असं चित्र कामात रोज काढायची, रेषांचं, आकड्यांचं. त्यात माणूस कधी काढलेला नसायचा.

"बोला मॅडम." लवू परबांचा आवाज, मागे इंजिनाची धडधड.

"परबकाका, डायव्हर उतरला का?"

"आताच हेल्मेट घालता आसा. कित्याक?"

"थांबवा. उतरवू नका. पाणी फिरलंय. भरती लागलीय आधीच."

"माका तर तसा काय वाटना नाय," ते म्हणाले. "पण मॅडम, वेळ तुम्ही दिलेली. तुम्ही थांब म्हणता तर मी थांबवतंय. नंतर मात्र माझ्या नावान बोंब मारू नका." आणि मग फोन तोंडापासून लांब धरून त्यांनी ओरडलेलं तिला ऐकू आलं: "ए, काढ रे त्याचा हेल्मेट. काढ. ऑफिसातून फोन आसा." कुणीतरी काहीतरी बोललं, दोघं-तिघं हसले, फोन बंद झाला.

वैशालीने मोकळा श्वास घेतला. तो वर आहे. तिला दुसरं काही नको होतं. सर ओरडतील, ओरडू देत. पाईपवाल्या कंपनीचा साहेब बोटीवर बसलाय, तो दिवस फुकट गेला म्हणून थयथयाट करील, करू दे. आणि संघर्ष, तो तर आठ दिवस बोलणार नाही. न बोलणारा भाऊ चालेल. तिने गार चहा एका दमात संपवला. धनेश अजून फोटोच बघत बसला होता. त्याने फोटो वर सरकवला, खाली सरकवला, कोपऱ्यापाशी आणला आणि तिथेच थांबला.

"वैशाली," तो म्हणाला, "हे काय लिहिलंय?"

कोपऱ्यात, संघर्षच्या खांद्यामागे, कठड्याला एक पांढरं टायर अडकवलेलं होतं, बुडत्याला फेकायचं. त्यावर बोटीचं नाव होतं. वैशालीने वाचायला घेतलं आणि तिला वाचता येईना. अक्षरं उलटी होती. आरशात दिसावी तशी. सगळा फोटोच उलटा होता. मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्याने काढलेला. म्हणजे उजवं ते डावं. म्हणजे फेसाचं शेपूट दक्षिणेकडे होतं, तिने लिहून दिलं होतं तिथे, तिने दिलेल्या वेळी. समुद्र तिच्या शब्दाबाहेर गेलेला नव्हता. गेली होती ती.

त्यानंतर तिने किती वेळा फोन लावला ते तिला सांगता आलं नसतं. कधी नेटवर्क नाही, कधी नंबर व्यस्त. जिन्यात जाऊन लावला, गच्चीवर जाऊन लावला, फोन आकाशाकडे धरून लावला, जणू तिथून बोट जवळ होती. गच्चीवरून समुद्राची एक पट्टी दिसायची, दोन टॉवरांच्या मधली, आणि त्या पट्टीकडे बघत ती नुसती वाट बघत होती. आतल्या आत काही एक मोडत चाललं होतं. पंधरा वर्षं शिकून आणि काम करून तिने एक गोष्ट कमावली होती: ती सांगेल त्या वेळी माणसं पाण्यात उतरत, आणि परत वर येत. शेवटी लवू परब लागले तेव्हा तिने आडपडदा न ठेवता सांगून टाकलं. फोटो उलटा होता, काका. माझी चूक. पाणी ठीक होतं. आता उतरवा.

"आता खंय?" ते म्हणाले. रागावलेले नव्हते, तेच जास्त लागलं. "आता फिरला ना खरोखरच पाणी. उद्या बघू. साहेब लय तापलाय मॅडम, तुमच्या सरांका फोन लावून बसलाय. आणि ह्यो तुमचो भाव, तो तर नुसतो गप्प बसलो आसा टोकाक जावन."

सरांनी केबिनचं दार लावून जे सांगितलं ते थोडक्यात असं, की यापुढे बोटीवर परस्पर फोन करायचा नाही, कुठल्याही कारणासाठी नाही. आणि घरच्या माणसाचा संबंध असेल तिथे बुद्धी चालत नाही हे आम्ही समजू शकतो, पण कंपनी समजून घेणार नाही. ते बोलत असताना वैशाली त्यांच्या टेबलावरच्या काचेखालच्या कॅलेंडरकडे बघत राहिली. सगळं खरं होतं म्हणून अंगाची आग होत होती. बाहेर आली तर सगळे संगणकात डोकं घालून बसलेले. धनेशने तिच्या टेबलावर एक खारी आणि चहा ठेवला आणि तोही संगणकात डोकं घालून बसला.

संध्याकाळी ती परळपर्यंत चालत गेली. पुलाखाली भाजीवाले, कपड्यांच्या दुकानातून लटकणारे सदरे, मसाल्याच्या चक्कीचा तो नाकात शिरणारा ठसका, सगळ्यातून ती अशी चालत होती, जणू कोणी मागून हाक मारील. एका कोपऱ्यावर रस्ता खणून पाण्याची जुनी पाईपलाईन उघडी पाडली होती. भर रस्त्यात, माती काढून टाकल्यामुळे अधांतरी राहिलेला एक काळा पाईप, खाली विटांचा टेकू. माणसं वाकून बघत होती आणि पुढे जात होती. वैशालीही थांबली. टेकू पुरेसा आहे का, हे तिने नकळत डोळ्यांनीच मोजलं. मग स्वतःचीच चीड येऊन पुढे गेली. आज पहिल्यांदाच तिच्या मनात आलं की आपण भावाला वाचवायला फोन केला की आपल्या भीतीला? पोराचं मनगट लाल होईपर्यंत आवळायचं आणि त्याला काळजी म्हणायचं. बोटीवरची पोरं उद्या त्याला काय काय म्हणतील ते ती ओळीने मनात म्हणत गेली.

चाळीच्या जागी आता टॉवर उभा आहे आणि त्यात त्यांचं घर विसाव्या मजल्यावर आहे. आईला, कौसल्याबाईंना, अजून त्याची सवय नाही. चाळीत असायचं तसं दार त्या उघडंच ठेवतात. वीस मजले चढून येतंय कोण, असं म्हणून. वैशाली आत आली तर संघर्ष जेवायला बसला होता. आंघोळ केलेली, केस ओले, मान खाली. बाबासाहेबांच्या फोटोखालच्या खुर्चीत तो नेहमी पाय वर घेऊन बसायचा. आज पाय खाली होते. ताटातल्या बोंबलांना त्याने हात लावलेला नव्हता.

"आला तेव्हापासून असाच आहे," आई म्हणाली. "काय झालंय दोघांचं, कोणी मला सांगेल का?"

"लोच्या झालाय," संघर्ष म्हणाला. "विचार तुझ्या इंजिनीअरला. पूर्ण बोटीसमोर माझं हेल्मेट काढायला लावलं. ते पण उलटा फोटो बघून." त्याने भाकरीचा तुकडा मोडला आणि ताटातच ठेवला. "राकेश काय म्हणाला माहितेय? म्हणाला, बाळाला आईने शाळेतून लवकर बोलावलं."

"चुकले मी," वैशाली म्हणाली. ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली, ओढणीसुद्धा काढली नव्हती. "लवूकाकांना सांगितलंय तसं. उद्या बोटीवर सगळ्यांसमोर सांग म्हणालास तर येऊन सांगते."

"नको. उपकार कर, येऊ नको."

आई ओट्याकडे वळली. पंखा फिरत होता. वैशालीच्या मनात दुपारपासून एक प्रश्न होता आणि इतक्या गोंधळात तो तिने स्वतःलाही नीट विचारला नव्हता.

"तू फोटो कशाला पाठवला होतास?"

"असाच."

"तू असाच काही पाठवत नाहीस. वाढदिवसाला पण पाठवत नाहीस."

"पाठवला. झालं. गुन्हा केला."

"संघर्ष."

तो ताट बाजूला सारून, आई ऐकणार नाही अशा बेताने म्हणाला, "काल मापं घ्यायला उतरलो होतो ना. पाईपला हात टेकवला. ग्लोव्ह काढून. तर ते हलत होतं, ताई."

"हलत म्हणजे कसं?"

"मिक्सर चालू असला की ओट्याला हात लावल्यावर कसं लागतं? तसं. हाडात जातं. मला वाटलं बोटीचं इंजिन असेल, थोडा थांबलो. नाही. पाईपच. मी पाईपच्या पोटाखाली आणि वर ते असं..." त्याने तळहात हवेत धरला आणि बोटं बारीक थरथरवली.

"पाणी किती होतं?"

"नव्हतंच. उभं होतं जवळजवळ."

वैशाली घाबरली, आणि ही भीती सकाळच्यासारखी नव्हती. ती गार होती, आणि तिच्यात आकडे होते. लहान तुकडा अधांतरी असेल तर त्याला थरथरवायला जोरकस पाणी लागतं. जवळजवळ उभ्या पाण्यात पाईप थरथरत असेल तर तो तुकडा लहान नाही. तळाच्या सर्व्हेने दाखवला त्याहून कितीतरी लांब आहे. सर्व्हे झाला होता पाऊस संपता संपता. त्यानंतर अरबी समुद्रात लांब कुठेतरी एक वादळ येऊन गेलं होतं. मुंबईत नुसतं ढगाळ होतं, लोकांनी भजी तळली. पण तिथून निघालेल्या लांब लाटा दोन दिवस इथल्या तळावर पुढे-मागे, पुढे-मागे करत असणार. टोकांची वाळू गेली. पाईप आता कशावर टेकलाय, किती टेकलाय, कोणाला माहीत नाही. आणि पाणी शांत असो की नसो, त्याच्या पोटाशी माणूस पाठवून उपयोग नाही. पिशवी लावताना टोकाची उरलीसुरली वाळू सुटली तर वर यायला वेळच मिळणार नाही. तिने दिलेली वेळ बरोबर होती. आणि त्या बरोबर वेळी तो आज तिथे गेला असता.

"लवूकाकांना सांगितलंस हे?"

"काय सांगू? पाईप गुणगुणतोय म्हणून? आधीच ताईचा बाळ. म्हणतील, खाली फाटली याची."

"मग मला सांगायचंस."

"तुलाच सांगायला घेतलं होतं. मेसेज टाईप केला. पुसला. परत टाईप केला. मग वाटलं, राहू दे. फोटो काढला नि पाठवला." तो पहिल्यांदा तिच्याकडे बघत होता. "काय माहीत. वाटलं, तू बघशील."

"मी पाण्याकडे बघितलं."

"माहितेय. पूर्ण बोटीला माहितेय."

तिला हसूही आलं आणि रडूही, आणि दोन्ही दाबून तिने फोन हातात घेतला. लवू परबांचं नाव काढलं आणि तशीच बसून राहिली. काय सांगणार? काका, परत मी. परत थांबवा. या वेळी फोटो नाही, माझा भाऊ म्हणतो. सकाळी जी बाई उलट्या अक्षरांवरून ओरडली तिच्यावर संध्याकाळी कोण विश्वास ठेवणार? सरांनी तर फोन करायलाच बंदी केलेली. उद्या सकाळी सरांना सांगेन, ते कंपनीच्या साहेबाला सांगतील, तो म्हणेल, भावाला परत काढून घ्यायचा बेत दिसतोय; तोवर बोट निघून गेलेली असेल.

"तू उद्या जाऊ नको," ती म्हणाली. "ताप आला म्हणून सांग."

"आणि मग राकेश जाईल." संघर्ष म्हणाला. "लवूदादाने सांगितलंय तसं. मी नसलो तर राकेश. तो हात बित लावून बघणाऱ्यातला नाही."

राकेशला वैशालीने एकदाच पाहिला होता, धक्क्यावर, मोठमोठ्याने हसताना. तो हसत होता ते तिच्या भावाला, आणि तरी तिला आता त्याच्या पायाखालची वाळू दिसत होती. फोन तिच्या मांडीवर होता. तिने तो उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. आजवर कधी वाटली नव्हती इतकी तिला लाज वाटत होती, सकाळच्या चुकीची. त्या चुकीने तिचा शब्द नेमका लागणार तेव्हाच संपवून टाकला होता.

संघर्षने हात पुढे केला. "दे."

"काय सांगणार आहेस?"

त्याने तिच्याच फोनवरून नंबर लावला आणि उभा राहिला. उभा राहून तो खिडकीपाशी गेला नाही, गॅलरीत गेला नाही, दोघींच्या समोर तिथेच उभा राहिला. हाताला अजून भाकरीचं पीठ होतं.

"लवूदादा, संघर्ष बोलतोय... हो, तिच्याच फोनवरून... नाही, ती नाही सांगत. मी सांगतोय. उद्या पाईपखाली कोणाला पाठवू नका. राकेशला पण नको." तो थांबला, घसा खाकरला. "काल मी खाली पाईपला हात लावला. तो हलत होता. उभ्या पाण्यात. मी घाबरलो होतो दादा, म्हणून मापं अर्धी सोडून वर आलो. थंडी वाजली म्हणून सांगितलं ते खोटं."

लवू परबांचा आवाज आला, खोलीभर ऐकू येईल असा.

"मगे काल कित्याक नाय सांगलंस रे?"

"लाज वाटली," संघर्ष म्हणाला. त्याचा आवाज कापत होता आणि तो लपवायचा त्याने काहीएक प्रयत्न केला नाही. मग तो एकेक करून सांगायला लागला: हात कुठे लावला, पाईप किती वेळ थरथरत होता, वाळू कुठून दिसेनाशी झाली होती.